उद्यानविद्या : एक जीवनव्यवसाय
बुऱ्हाणपूरच्या केळीबागांतून दिसणाऱ्या वाटा

मध्य प्रदेशाच्या दक्षिण सीमेवर, तापी नदीच्या काठी वसलेले बुऱ्हाणपूर हे नगर फारुकी सुलतानांची राजधानी आणि मोगलांचे दख्खनचे द्वार म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहे. या नगराला उद्यानांची परंपराही तितकीच जुनी आहे. नदीपलीकडे जैनाबाद येथे ‘आहूखाना’ नावाचे मोगलकालीन उद्यान होते. १६३१ मध्ये मुमताजमहलचे बुऱ्हाणपूर येथे निधन झाले, तेव्हा तिचे पार्थिव आग्र्यास नेण्यापूर्वी याच उद्यानात ठेवण्यात आले होते. त्याही आधी, १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून केवळ उताराच्या बळावर शहरात आणण्यात आले. ‘कुंडी भंडारा’ या नावाने ओळखली जाणारी ही योजना आजही पाहावयास मिळते. पाण्याचे शास्त्र जाणणारी माणसे होती म्हणून या कोरड्या मुलखात बागा फुलल्या, ही गोष्ट त्यातून ध्यानात येते.

आज बुऱ्हाणपूरची ओळख आहे ती केळीच्या बागांमुळे. १५ ऑगस्ट २००३ रोजी पूर्वीच्या पूर्व निमाड, म्हणजेच खंडवा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा महाराष्ट्रातील जळगाव जिल्ह्याला लागून आहे. रावेर, यावल, शहापूर, बुऱ्हाणपूर ही नावे दोन राज्यांतील असली तरी तापीकाठची काळी जमीन एकच, केळीचे पीक एकच आणि अनेक घरांतील बोलीही एकच आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांमध्ये सोयरीक आहे, तशीच बेण्याची, मजुरांची आणि बाजारभावाच्या माहितीचीही देवाणघेवाण आहे.

या बागायती पट्ट्यातील घरांत दहावी-बारावीचे निकाल लागले की एक प्रश्न हमखास निघतो. मुलाने किंवा मुलीने पुढे काय करावे? ज्या वडिलांनी आयुष्यभर केळीवर संसार चालविला, तेच वडील पुष्कळदा म्हणतात, “शेतीत आता काही राहिले नाही, कुठेतरी नोकरी बघ.” एका वादळात किंवा एका रोगात वर्षाची कमाई गेलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या तोंडी हे उद्गार येणे स्वाभाविक आहे. परंतु त्यामुळे एक मोठी विसंगती निर्माण होते. बागेला शिकलेल्या माणसाची गरज पूर्वी कधी नव्हती इतकी आज आहे, आणि नेमके याच वेळी शिकलेला मुलगा बागेकडे पाठ फिरवितो. उद्यानविद्या म्हणजे केवळ स्वतःच्या शेतात केळी लावणे नव्हे आणि केवळ शासकीय नोकरीची वाट पाहणेही नव्हे. त्या दोहोंच्या मध्ये अनेक कामे आहेत. त्यांचा परिचय विद्यार्थी, पालक आणि शिक्षक यांना व्हावा, हा या लेखाचा उद्देश आहे.

अनुभवाला शास्त्राची जोड का हवी?

पूर्वी या भागात प्रामुख्याने बसराई ही केळीची जात लावली जात असे. लागवडीसाठी जुन्या बागेतील कंद खणून काढावयाचे, ते साफ करून नव्या शेतात लावावयाचे, आणि सुमारे दीड वर्षाने घड कापावयाचे, हा क्रम होता. मृगबाग कधी लावावी, कांदेबाग कधी लावावी, पील केव्हा कापावी, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे चालत येई. ते ज्ञान खरे होते आणि आजही ते टाकाऊ झालेले नाही.

तथापि गेल्या काही दशकांत पिकाचे स्वरूपच पालटले. १९९० च्या दशकात जळगाव येथील जैन उद्योगसमूहाने ग्रँड नैन या जातीची ऊतिसंवर्धित रोपे शेतकऱ्यांपर्यंत नेली. ठिबक सिंचनाचा प्रसार झाला. पिकाचा कालावधी कमी होऊन तो ११ ते १२ महिन्यांवर आला. रावेर, सावदा, निंभोरा या स्थानकांवरून रेल्वेने उत्तर भारतात जाणारी केळी आता पेट्यांत भरून, शीतपेटीतून आखाती देशांतही जाऊ लागली. बेणे प्रयोगशाळेतून येते, खत पाण्यातून जाते, आणि माल परदेशी ग्राहकाच्या कसोटीला उतरावा लागतो. या प्रत्येक बदलाबरोबर एकेक नवे काम जन्माला आले आणि ते काम जाणणाऱ्या माणसाची गरज निर्माण झाली.

रोपवाटिका : पहिले कार्यक्षेत्र

ऊतिसंवर्धन म्हणजे निरोगी व भरघोस घड देणाऱ्या झाडाच्या कंदातील वाढीचा कोंब घेऊन, निर्जंतुक वातावरणात, काचेच्या बाटलीतील पोषक माध्यमावर त्यापासून अनेक रोपे तयार करणे. एका कोंबापासून हजारो रोपे मिळू शकतात. मात्र येथेच सावधगिरीची गरज आहे. मूळ झाडात विषाणू असेल तर तो प्रत्येक रोपात उतरतो. तसेच एकाच कोंबापासून वारंवार रोपे काढत राहिल्यास त्यांत विकृती येण्याचा संभव वाढतो. म्हणून मातृवृक्षाची तपासणी, रोपांच्या तुकड्यांची तपासणी आणि त्यांची नोंद या गोष्टींना अतिशय महत्त्व आहे. ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय पद्धती २००६ मध्ये सुरू झाली, ती याच कारणासाठी.

बाटलीतून निघालेले रोप एकदम शेतात लावता येत नाही. प्रथम हरितगृहात, दमट हवेत, लहान कपांमध्ये त्याला काही आठवडे वाढवावे लागते. नंतर पिशवीत, जाळीच्या सावलीखाली, आणखी काही आठवडे ते बाहेरच्या हवेला सरावते. सुमारे ३० सें. मी. उंचीचे व ५-६ पानांचे झाले की ते लागवडीस योग्य होते. यांपैकी दुसरा टप्पा गावपातळीवर करता येण्याजोगा आहे. जाळीगृह, पाण्याची सोय आणि रोगट रोप ओळखणारी नजर असलेल्या तरुणास प्रयोगशाळेतून लहान रोपे आणून ती वाढवून विकण्याचा व्यवसाय करता येतो. प्रयोगशाळेत काम करण्यासाठी जीवशास्त्राचे ज्ञान, स्वच्छतेची शिस्त आणि हाताचे कसब लागते. या कामात मुली व महिला उत्तम प्रावीण्य मिळवू शकतात.

खतपाण्याचे गणित

केळी हे पाण्याचे व खताचे मोठे भुकेले पीक आहे. १.५ × १.५ मीटर अंतरावर लागवड केल्यास एका हेक्टरात ४,४४४ झाडे बसतात. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार प्रत्येक झाडास २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद आणि २०० ग्रॅम पालाश द्यावे लागते. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे झाडामागे सुमारे ४३५ ग्रॅम आणि हेक्टरी १,९०० किलोहून अधिक युरिया लागतो. हे खत एकदम टाकल्यास त्याचा मोठा भाग वाया जातो व जमिनीखालच्या पाण्यात मिसळतो. तेच ठिबक संचातून पाण्याबरोबर, झाडाच्या वयानुसार थोडे थोडे दिल्यास बचत होते आणि झाडाला ते वेळेवर मिळते.

हे गणित सातवी-आठवीच्या त्रैराशिकाहून अवघड नाही. परंतु माती परीक्षणाचा अहवाल वाचून, पाण्याचा प्रकार पाहून, प्रत्येक शेतासाठी ते वेगळे मांडावे लागते. ठिबक संचाचा आराखडा करणे, गाळणी यंत्र स्वच्छ राखणे, क्षारांनी तुंबलेल्या तोट्या आम्लप्रक्रियेने मोकळ्या करणे, दाब तपासणे, ही कामे करणारा कुशल तंत्रज्ञ प्रत्येक मोठ्या गावाला हवा असतो. त्यासाठी पदवीच पाहिजे असे नाही. दहावीनंतरचे योग्य प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांवर हा व्यवसाय उभा राहू शकतो.

पाण्याचा प्रश्न तर याहून व्यापक आहे. तापी खोऱ्यातील विहिरी व कूपनलिकांची पातळी बागायतीच्या वाढीबरोबर खाली गेली. भूजल पुनर्भरणासाठी तापी खोऱ्यातील मोठ्या प्रकल्पाबाबत मध्य प्रदेश व महाराष्ट्र या राज्यांमध्ये मे २०२५ मध्ये करार झाला. अशा योजना कागदावरून शेतात उतरतात तेव्हा पाणी मोजणारी, जिरविणारी आणि काटकसरीने वापरण्यास शिकविणारी माणसे गावातच असावी लागतात. चारशे वर्षांपूर्वी कुंडी भंडारा बांधणाऱ्यांनी जे जाणले होते, तेच आज नव्या साधनांनी जाणून घ्यावयाचे आहे.

वनस्पतींचा वैद्य

बागेवरील सर्वांत मोठे संकट रोगांचे आहे. पावसाळी, ढगाळ व दमट हवेत करपा पानांवर पसरतो. कुकुंबर मोझॅक या विषाणूमुळे होणाऱ्या रोगास या भागात ‘हरण्या’ म्हणतात. त्यात पानांवर पिवळसर पट्टे येतात, पाने आकसतात आणि पुढे पोगा सडतो. हा विषाणू मावा किडीमार्फत पसरतो, व काकडीवर्गीय पिके, टोमॅटो, मिरची आणि काही तणे यांवर तो आश्रय घेतो. रोगट झाडावर कोणतेही औषध चालत नाही. ते वेळीच उपटून नष्ट करणे, बाग तणमुक्त ठेवणे, माव्याचे नियंत्रण करणे आणि केळीत किंवा केळीजवळ वरील पिके न घेणे, एवढेच हाती असते. जे ओळखले जात नाही त्यावर मात्र शेतकरी एकामागून एक फवारण्या करीत राहतो. पैसा जातो, आणि तोवर रोग शेजारच्या बागेत पोहोचलेला असतो.

याहून गंभीर म्हणजे ‘पनामा’ या नावाने ओळखला जाणारा मर रोग. विसाव्या शतकाच्या मध्यास या रोगाने मध्य अमेरिकेतील ‘ग्रोस मिशेल’ या जातीच्या बागा उद्ध्वस्त केल्या, आणि जगाच्या केळी व्यापाराला ती जात सोडून कॅव्हेंडिश गटातील जाती स्वीकाराव्या लागल्या. आपली बसराई आणि ग्रँड नैन या दोन्ही जाती त्याच कॅव्हेंडिश गटातील आहेत. या गटालाही बाधणारा त्या बुरशीचा ‘टी. आर.-४’ हा प्रकार आता जगाच्या अनेक भागांत पसरला असून भारतात बिहारमधील बागांतही आढळला आहे. ही बुरशी जमिनीत कित्येक वर्षे टिकते आणि रोगट कंद, वाहते पाणी, अवजारांना व पायताणांना चिकटलेली माती यांतून पसरते. अनोळखी भागातील कंद आणणे किती धोक्याचे आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

एका हेक्टरातील केवळ पाच टक्के झाडे गेली तरी २२२ घड गेले. घड सरासरी २० किलोचा धरला तर ते चार टनांहून अधिक उत्पन्न होते. म्हणून रोगाचे अचूक निदान करणारा प्रशिक्षित पदवीधर हा शेतकऱ्याचा खर्च वाढवीत नाही, तो वाचवितो. अशा पदवीधरांना गावोगावी सल्ला व सेवा केंद्रे उघडता यावीत, यासाठी केंद्र शासनाने २००२ मध्ये कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजना सुरू केली. हैदराबाद येथील राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेच्या, म्हणजे ‘मॅनेज’च्या मार्गदर्शनाखाली तीत प्रशिक्षण दिले जाते. मात्र सल्ला देणारा आणि औषध विकणारा एकच असेल तर सल्ल्यातील प्रामाणिकपणा ही त्या व्यवसायाची खरी पुंजी असते, हे होतकरू तरुणाने प्रथमपासूनच ध्यानात ठेवले पाहिजे.

काढणीनंतरची कामे

घड कापला की शेतकऱ्याचे काम संपले, असे पूर्वी मानले जाई. केळीच्या पानांचा थर देऊन ट्रक भरावयाचा आणि तो दूरच्या बाजारात रवाना करावयाचा. वाटेत फळ घासले जाई, काळवंडे, आणि त्याची किंमत उतरे. निर्यातीच्या मालाची रीत निराळी आहे. घडावर पिशवी चढविणे, घड जमिनीला न टेकविता उतरविणे, फण्या वेगळ्या करणे, पाण्यात धुऊन चीक काढणे, प्रतवारी करणे, पेट्या भरणे आणि माल सुमारे १३ ते १४ अंश सेल्सिअस तपमानात ठेवणे, ही साखळी कोठेही तुटता कामा नये. याहून अधिक थंडीत कच्चे फळ काळे पडते. हिवाळ्यात बागेला ‘चरका’ बसतो तसाच तो चुकीच्या शीतगृहातही बसतो.

फळे पिकविणे हेही एक शास्त्र आहे. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे. पिकवण-गृहात १६ ते १८ अंश सेल्सिअस तपमान व पुरेशी आर्द्रता राखून, नियमांनी ठरविलेल्या मर्यादेत इथिलिन वायूचा वापर केल्यास फळ एकसारखे पिकते व आरोग्यासही बाधक ठरत नाही. पॅकिंग केंद्राचा पर्यवेक्षक, गुणवत्ता तपासनीस, शीतगृहाचा चालक, पिकवण-गृहाचा व्यवस्थापक अशी कितीतरी पदे या साखळीत आहेत.

घड काढल्यावर उरणारे खोड पूर्वी बांधावर सडत असे. आता त्यापासून धागा काढून टोपल्या, पिशव्या, चटया अशा वस्तू तयार करण्याचे काम बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील महिला बचत गटांनी हाती घेतले आहे. २०२० मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना सुरू झाली, तेव्हा ‘एक जिल्हा एक उत्पादन’ या तत्त्वानुसार बुऱ्हाणपूरसाठी केळीची निवड झाली. केळीचे वेफर्स व पीठ यांसारख्या पदार्थांचे लहान उद्योग त्यामुळे शक्य झाले आहेत. या जिल्ह्यात हळदही पिकते. तिची प्रतवारी, भुकटी व वेष्टन यांतही हेच कौशल्य उपयोगी पडते.

शिक्षणाच्या पायऱ्या

उद्यानविद्येचे शिक्षण एकाच पातळीवर मिळते असा समज आहे, तो बरोबर नाही. त्याच्या अनेक पायऱ्या आहेत आणि प्रत्येकाने आपल्या कुवतीप्रमाणे व परिस्थितीप्रमाणे पायरी निवडावी.

पहिली पायरी अल्प मुदतीच्या प्रशिक्षणाची. कृषी विज्ञान केंद्रांतून रोपवाटिका, ठिबक संचाची देखभाल, फळप्रक्रिया अशा विषयांचे वर्ग घेतले जातात. रावेर तालुक्यातील पाल येथील कृषी विज्ञान केंद्र सीमाभागातील शेतकऱ्यांना जवळचे आहे. दुसरी पायरी पदविकेची. महाराष्ट्रात दहावीनंतर कृषी पदविकेचे अभ्यासक्रम आहेत. ज्यांना शेत सोडून दूर जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे शेतीविषयक अभ्यासक्रम मराठीतून उपलब्ध आहेत.

तिसरी पायरी चार वर्षांच्या पदवीची. तिच्यासाठी अकरावी-बारावीला विज्ञान किंवा कृषी विषय घ्यावे लागतात. मध्य प्रदेशातील उच्च माध्यमिक शाळांत कृषी विषयगटाची सोय आहे, ही गोष्ट अनेक पालकांना ठाऊक नसते. बुऱ्हाणपूरच्या विद्यार्थ्यास सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे खंडवा येथील भगवंतराव मंडलोई कृषी महाविद्यालय. उद्यानविद्येचे स्वतंत्र महाविद्यालय मंदसौर येथे आहे. ही दोन्ही महाविद्यालये ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठाशी संलग्न आहेत. महाराष्ट्रात १९६८ मध्ये स्थापन झालेले राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ व १९६९ मध्ये स्थापन झालेले अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ ही या भागाला जवळची आहेत. प्रत्येक राज्याची प्रवेश परीक्षा वेगळी असून बहुतेक जागा त्या त्या राज्यातील रहिवाशांसाठी असतात. अखिल भारतीय जागांसाठी राष्ट्रीय पातळीवरील परीक्षा द्यावी लागते. यास्तव प्रवेशाचे नियम त्या त्या वर्षी पाहून घ्यावेत, आणि खाजगी महाविद्यालयात प्रवेश घेण्यापूर्वी त्याच्या मान्यतेची खात्री अवश्य करून घ्यावी.

पदवी अभ्यासक्रमात फळे, भाजीपाला, फुले, मसाला पिके, काढणीपश्चात तंत्र, कीड व रोगशास्त्र हे विषय शिकविले जातात. विद्यार्थ्यांना काही महिने खेड्यात राहून शेतकऱ्यांबरोबर कामही करावे लागते. पुढे संशोधनाची आवड असेल तर पदव्युत्तर शिक्षणाचा मार्ग मोकळा आहे. जळगाव येथे राहुरी विद्यापीठाचे केळी संशोधन केंद्र आहे. तमिळनाडूत तिरुचिरापल्ली येथे १९९३ पासून राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र कार्यरत आहे, आणि बंगळूरजवळ भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्था १९६७ पासून काम करीत आहे.

नोकरी की स्वतंत्र व्यवसाय?

पदवीधरांसाठी शासनाच्या उद्यानविद्या व कृषी विभागांत विस्तार अधिकाऱ्यांची पदे असतात. बँकांत कृषी अधिकारी, कृषी विज्ञान केंद्रात विषयतज्ज्ञ, विद्यापीठात अध्यापक, पीक विमा, बियाणे, खते व ठिबक संच यांच्या कंपन्यांत क्षेत्र अधिकारी, अशाही संधी आहेत. नगरपालिका, रेल्वे व मोठ्या संस्थांना उद्याने राखण्यासाठी उद्यान अधीक्षक लागतात. परंतु शासकीय पदे मर्यादित व स्पर्धा मोठी असते. केवळ त्या एका आशेवर चार-पाच वर्षे खर्ची घालणाऱ्या तरुणाची पुढे निराशा होण्याचा संभव असतो. परीक्षेची तयारी करीत असतानाच एखाद्या रोपवाटिकेत, पॅकिंग केंद्रात किंवा घरच्या बागेत काम करून हाताला वळण लावणे, हे अधिक शहाणपणाचे होय.

ज्याच्या घरी जमीन आहे त्यालाही एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. केळीत नफा आहे तशी जोखीमही आहे. मे-जूनमधील वादळात उभी बाग काही मिनिटांत आडवी होते. उन्हाळ्याचे तप्त वारे पाने फाडतात, हिवाळ्याची थंडी वाढ रोखते, आणि सर्वांची काढणी एकाच वेळी आली की भाव कोसळतो. या संकटांवर संपूर्ण उपाय कोणत्याही महाविद्यालयात शिकविला जात नाही. पण बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवताचे वारारोधक कुंपण करणे, झाडांना बांबूचा अथवा पट्ट्यांचा आधार देणे, लागवड एकाच हंगामात न करता टप्प्याटप्प्याने करणे, सगळे क्षेत्र एकाच पिकाखाली न ठेवणे, विम्याच्या अटी वेळेवर वाचणे आणि दर एकरी खर्चाची वही ठेवणे, यांमुळे नुकसान सोसण्याची शक्ती वाढते. विद्येचा उपयोग संकट टाळण्याइतकाच ते पेलण्यासाठीही असतो.

ज्यांच्या घरी जमीन नाही त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. वर वर्णिलेल्या कामांपैकी रोपवाटिका, ठिबक देखभाल, रोगनिदान, प्रतवारी, पिकवण, धागा व प्रक्रिया यांपैकी एकासही मोठ्या जमिनीची गरज नाही. आजवर केवळ मजुरी करणाऱ्या घरातील मुलगा किंवा मुलगी या कौशल्यांच्या आधारे त्याच बागेत तंत्रज्ञ म्हणून उभी राहू शकते. उद्यानविद्येच्या शिक्षणाचा सामाजिक अर्थ येथे आहे.

शिक्षक, पालक व अधिकारी यांचे कर्तव्य

या बाबतीत शाळेतील शिक्षकाचा वाटा मोठा आहे. विज्ञानाच्या तासाला रसाकर्षण शिकविताना ठिबक संच दाखविता येतो. गणिताच्या तासाला खताची मात्रा काढावयास लावता येते. वर्षातून एकदा विद्यार्थ्यांना रोपवाटिका, पॅकिंग केंद्र व संशोधन केंद्र दाखविल्यास त्यांना पुस्तकातील ज्ञान आणि परसातील बाग यांचा संबंध उमगतो. ‘अभ्यासात मागे पडलेल्याने शेती करावी’ हा समज पुष्कळदा नकळत वर्गातच रुजतो. तो तेथेच दूर झाला पाहिजे.

पालकांनी मुलीच्या शिक्षणाचा विचार करताना प्रयोगशाळा, फळप्रक्रिया व गुणवत्ता तपासणी ही क्षेत्रे ध्यानात घ्यावीत. शिकून आलेल्या मुलाला घरच्या बागेतील एखादा तुकडा स्वतंत्रपणे करावयास द्यावा. त्याचे प्रयोग फसले तर ते थोड्या क्षेत्रात फसतील, आणि साधले तर सर्व बागेला उपयोगी पडतील. अधिकाऱ्यांनी योजनांची माहिती केवळ फलकावर न लावता शाळा-महाविद्यालयांपर्यंत न्यावी, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या संस्थांनी एकमेकांच्या अनुभवाचा लाभ घ्यावा. रोगाला आणि वाऱ्याला राज्याची सीमा कळत नाही. मग ज्ञानाने तरी ती का मानावी?

तापीकाठच्या केळीला अनुभवी शेतकऱ्यांनी नाव मिळवून दिले. ते नाव पुढच्या पिढीत टिकावयाचे असेल तर वडिलांची नजर आणि मुलांची विद्या एकाच बागेत नांदली पाहिजे. बारावीचा निकाल हाती घेऊन दारात उभ्या असलेल्या मुलाने नोकरीचा शोध जरूर घ्यावा. परंतु गावाबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी त्याने एकदा आपल्या बागेकडे विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहावे. जे काम तो दूरच्या शहरात शोधावयास निघाला आहे, ते कदाचित त्याच्या बांधावर माणसाची वाट पाहत असेल.